पदाच्या डोक्यावरची ओळ

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की प्रत्येक पदाच्या वर, कंसात, बारीक टाइपात एक ओळ दिसते. 'चाल' असा शब्द, आणि त्यापुढे दुसऱ्याच कुठल्या गाण्याचे दोन-तीन शब्द. खालचं पद त्या गाण्यासारखं म्हणायचं, एवढंच ती सांगते. स्वरलिपी नाही, खूण नाही. ते दुसरं गाणं कानावरून गेलेलं असेल तर पद लगेच गाता येतं. नसेल तर पान मुकंच राहतं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांत या ओळी कधी हिंदी असतात, कधी कीर्तनातल्या एखाद्या मराठी पदाच्या, आणि पुष्कळदा कानडी. शब्द कानडी, लिपी देवनागरी. पुण्यामुंबईचा वाचक त्या ओळीवरून नजर सरकवून खाली पदाकडे जातो. निर्ण्याचा वाचक मात्र तिथेच थांबतो, कारण ती ओळ त्याला कळते.

निर्णा हे बीदर जिल्ह्यातलं, चिटगुप्पा-हुमनाबादच्या परिसरातलं, कलबुर्गीच्या बाजूचं गाव. इथला माणूस एका दिवसात तीन भाषा सहज बोलतो. घरात मराठी असेल तर शेतात कन्नड, आणि आठवड्याच्या बाजारात दखनी. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या हैदराबाद राज्यातला बीदर जिल्हा फोडला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, उरलेला भाग म्हैसूर राज्यात आला. माणसांच्या बोलण्यात मात्र ही वाटणी कधी पुरती झाली नाही, आणि गाण्यात तर झालीच नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवात आजही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा दरबार भरतो. ज्या माणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) नावाने तो भरतो, त्यांची पदं मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदी-उर्दूत आहेत, संस्कृतात आहेत. तिथे एकाच बैठकीत एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना पेटीवाल्याला सूर बदलावा लागत नाही.

हे प्रकरण नाटकासाठी गाणी रचणाऱ्या जोड्यांबद्दल आहे, आणि ते निर्ण्यापासून सुरू करण्याचं कारण ती बारीक टाइपातली ओळ आहे. जोडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक खोली येते. कवी खिडकीशी, संगीतकार पेटीवर, मध्ये चहा. मराठी संगीत नाटकाच्या पहिल्या तीस वर्षांत त्या खोलीत दुसरा माणूस नव्हता. पेटीवर चाल होती, पण ती बांधणारा कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी भाषेत ती कधीच गाऊन गेलेला होता. मराठी संगीत नाटकातला पहिला संगीतकार अनामिक आहे, आणि बऱ्याच वेळा तो कानडी आहे.

मुळात मराठी नाटकाचा जन्मच या सीमेवरचा. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ होता. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी तो पाहिला आणि तसं काही मराठीत व्हावं असं भाव्यांना सांगितलं. भाव्यांच्या खेळात गाणं सूत्रधाराकडे. राम आणि रावण हातवारे करत, बोलत, लढत. त्यांच्या मनात काय चाललंय ते बाजूला उभा असलेला सूत्रधार गाऊन सांगे.

त्याच वर्षी, १८४३ च्या मार्चमध्ये, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरला बळवंत पांडुरंग, म्हणजेच अण्णासाहेब, किर्लोस्कर जन्मले. भोवती कानडी, घरात मराठी, शिक्षण धारवाड, कोल्हापूर आणि पुणे असं फिरतं. सरकारी नोकरी करता करता त्यांनी नाटकं लिहिली. १८८० मध्ये पुण्यात पारशी मंडळींचा गाण्यांनी भरलेला उर्दू खेळ त्यांनी पाहिला, आणि कालिदासाचं 'शाकुंतल' हाती घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात त्याचे पहिले चार अंक झाले. त्या रात्री मोठा बदल झाला तो असा: गाणं सूत्रधाराकडून काढून दुष्यंताला, शकुंतलेला, कण्वाला दिलं गेलं. ज्याच्या मनात दुःख, त्यानेच ते गायचं. यातून रंगभूमीवर सगळं बदलतं. सूत्रधार कुणाचंही दुःख एकाच चालीत सांगू शकतो. पण कण्व आणि दुष्यंत एकाच चालीत गाऊ लागले तर प्रेक्षकाला ते खोटं वाटतं. आता प्रत्येक पात्राला स्वतःची चाल हवी. दोनशेच्या आसपास पदं, आणि चाली लावणारा माणूस एकच.

एकट्या माणसाला एवढ्या चाली सुचणं अशक्य, म्हणून त्यांनी कानात साठलेलं सगळं बाहेर काढलं. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही कीर्तनात आणि आख्यानात रुळलेली वृत्तं; लावणीचा ठेका; घरातल्या बायकांची गाणी; आणि लहानपणापासून ऐकलेली कानडी पदं. दोन वर्षांनी आलेलं 'सौभद्र' याच साठ्यातून उभं राहिलं. 'सौभद्र'ची पदं आजही घराघरांत पाठ आहेत याचं श्रेय मी जितकं किर्लोस्करांच्या शब्दांना देतो, तितकंच त्या चालींच्या वयाला देतो. पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच त्या जुन्या होत्या. प्रेक्षक नवीन गाणं ऐकत नव्हता. ओळखीच्या सुरावर नवे शब्द ऐकत होता.

आता कारागिरीकडे येऊ, कारण 'चालीवर पद बांधणे' म्हणजे नेमकं काय करणं हे सहसा कुणी सांगत नाही. चाल म्हणजे आखून दिलेली जागा. मुखड्याला इतक्या मात्रा, अमुक मात्रेवर सम, अमुक ठिकाणी स्वर लांबतो, तिथून तान निघू शकते. लिहिणाऱ्याने त्या जागेत अर्थ बसवायचा. पहिली अडचण वाक्याची. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, पण गाण्यात मुखडा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो अर्धवट वाक्य असून चालत नाही. म्हणून मराठी पदं इतक्या वेळा क्रियापदाने किंवा हाकेने सुरू होतात. दुसरी अडचण स्वराची. जिथे गायकाला आलाप घ्यायचा आहे तिथे 'आ' हवा. 'ई'वर आवाज आवळतो, 'उ'वर तो आत जातो. त्या जागी 'बुद्धी' किंवा 'मृत्यू' ठेवला तर अर्थ कितीही खोल असो, गवई अडखळणारच. तिसरी अडचण जोडाक्षरांची: द्रुत लयीत 'दृष्टी' हा शब्द तबल्याच्या बोलावर आपटतो.

चौथी गोष्ट अडचण नाही, देणगी आहे, आणि ती समजायला निर्ण्याला यावं लागतं. कन्नडमधला बहुतेक प्रत्येक शब्द स्वरावर संपतो. बाहेरून आलेला शब्दही कन्नड माणूस स्वर जोडून घेतो: बस इथे 'बस्सु' होते, कार 'कारु' होते. त्यामुळे कानडी चालीत प्रत्येक शब्दाच्या टोकाला स्वराची एक छोटी उघडी जागा असते. मराठी बोलण्यात शब्दाच्या टोकाचा 'अ' गिळला जातो. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. पण गाताना तो 'अ' परत येतो. वन, मन, चरण, नयन या सगळ्यांचा शेवट गाण्यात पुन्हा उघडतो, पूर्ण मात्रा घेऊन. जुन्या ओव्या-अभंगांनी ही सवय जपली होती, आणि किर्लोस्करांनी कानडी चालींवर मराठी शब्द ठेवले तेव्हा ते नेमके त्या उघड्या जागांत जाऊन बसले. हे मिश्रण इतकं सहज का झालं याचं उत्तर लोक साधारणपणे किर्लोस्करांच्या प्रतिभेत शोधतात. प्रतिभा होतीच. पण दोन भाषांचे कानही इथे जुळत होते, आणि ते जुळतात हे त्या भागात वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

किर्लोस्कर १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये गेले, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, 'रामराज्यवियोग' अपुरं ठेवून. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी हीच रीत अधिक घरगुती केली; १८९९ च्या 'शारदे'त बालिकेच्या तोंडची पदं इतकी साधी आहेत की ती नाटकातून उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या 'वीरतनया'पासून उलट वाट धरली. कानडी आणि कीर्तनी चाली बाजूला ठेवून त्यांनी पारशी रंगभूमीवरच्या उर्दू-गुजराती चाली आणल्या. त्या चटकदार होत्या, नव्या होत्या, आणि त्यांच्यावर लिहिलेले शब्द बऱ्याचदा चालीच्या मागे धापा टाकत धावतात.

मग १९११ साल येतं, आणि त्या खोलीत खरोखर दुसरा माणूस येऊन बसतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'चे, टिळकांचे माणूस. गद्य नाटकांत त्यांचा दबदबा होता. 'कीचकवध' सरकारने १९१० मध्ये बंद केलं होतं. किर्लोस्कर नाटक मंडळीसाठी त्यांनी पहिल्यांदाच संगीत नाटक लिहिलं, 'मानापमान', आणि चालींची जबाबदारी एका वेगळ्या माणसाकडे गेली. तो माणूस म्हणजे कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे, वय तिशीच्या आत, पेटीवर असामान्य हात, भास्करबुवा बखल्यांचा आणि अल्लादिया खाँसाहेबांचा सहवास लाभलेला. नाटकासाठी स्वतंत्र संगीतकार नेमण्याची प्रथा इथून रुजली.

टेंब्यांनी काय केलं हे नीट पाहण्यासारखं आहे. नवे राग शोधून काढण्याच्या मागे ते लागले नाहीत. उत्तरेकडच्या ठुमऱ्या, कजऱ्या, टप्पे, गझला आणि ख्यालातल्या चिजा यांचा त्यांच्याकडे मोठा साठा होता, आणि त्यातून त्यांनी निवड केली. नवेपणा निवडीत होता. 'मानापमाना'त श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते, आणि मग वनमाला बनून त्याच्याच प्रेमात पडते. म्हणजे एकाच नटाला एकाच नाटकात गर्विष्ठ मुलगी गायची आहे आणि हळवी मुलगीही. दोघींच्या चाली एकाच घरातल्या असून भागणार नाही. धैर्यधराला शिपायाची छाती असलेली चाल हवी. पात्र आधी, चाल त्याच्या मापाची, आणि शब्द चालीच्या मापाचे, असा हा क्रम झाला. टेंबे पेटीवर चीज वाजवून दाखवत, आणि खाडिलकर त्या आखलेल्या जागेत पद बसवत. १२ मार्च १९११ ला मुंबईत पहिला प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, नानासाहेब जोगळेकर धैर्यधर, गणपतराव बोडस लक्ष्मीधर.

खाडिलकरांच्या पदांवर एक आक्षेप तेव्हापासून आहे: अर्थ लागत नाही. समास लांब, अन्वय उलटासुलटा, क्रियापद कुठे ते शोधावं लागतं. आक्षेप खरा आहे, मलाही ती पदं नुसती वाचताना त्रास होतो. पण ती कशी लिहिली गेली हे आठवलं की त्रासाचं कारण दिसतं. चीज ब्रजभाषेतली, तिच्यात ऱ्हस्व अक्षरांचा सडा. त्या मापात दीर्घ स्वरांनी भरलेली मराठी बसवायची तर प्रत्यय गाळावे लागतात, आणि प्रत्यय गाळायची सोय संस्कृत समासातच असते. क्लिष्टपणा त्या मापातून आला. आणि गाताना, विशेषतः बालगंधर्वांच्या गळ्यातून, तो विरघळतो, कारण गायक वाक्य गात नाही, शब्दाशब्दातला भाव गातो. लेखक आणि संगीतकार अशी दोघांची जोडी आपण म्हणतो, पण मराठी नाटकात तिसरा माणूस कायम होता, गायक. 'वन्स मोअर' आला की तो तेच पद दुसऱ्या अंगाने घेई, आणि त्या रात्रीपुरती चाल त्याची होई.

आधी शब्द की आधी सूर, हा प्रश्न जगभरच्या जोड्यांनी वेगवेगळा सोडवला आहे. इंग्लंडमध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांनी १८७१ ते १८९६ या काळात चौदा संगीतिका केल्या. तिथे गिल्बर्टचे शब्द आधी तयार होत आणि सलिव्हन त्यांना सूर देई. अमेरिकेत रिचर्ड रॉजर्सचं उदाहरण आणखी बोलकं आहे. लॉरेन्झ हार्ट सोबत होता तोवर बहुधा रॉजर्सची चाल आधी येई आणि हार्ट तिच्यात चपळ शब्द बसवी. १९४३ च्या 'ओक्लाहोमा'पासून ऑस्कर हॅमरस्टाईन सोबत आला, आणि तो शब्द आधी लिहून देऊ लागला. संगीतकार तोच, पण त्याच्या चाली बदलल्या. त्या संथ झाल्या, मोकळ्या झाल्या, वाक्याच्या श्वासाने चालू लागल्या. क्रम बदलला की एकाच माणसाच्या हातून वेगळं संगीत निघतं, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण. मराठी नाटक मात्र पिढ्यान् पिढ्या चाल आधी या बाजूला उभं राहिलं, आणि याचं कारण ते अभिजात गायनाच्या इतकं जवळ गेलं हे आहे. ख्यालाची बंदिश हीच मुळात आधी ठरलेली वस्तू.

१९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे तिथे फार दिवस राहिले नाहीत. १९१५ मध्ये वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली. डिसेंबर १९१६ मध्ये खाडिलकरांचं 'स्वयंवर' आलं तेव्हा चाली टेंब्यांच्या गुरूंच्या, भास्करबुवा बखल्यांच्या होत्या. भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीतच गाणारे. आवाज फुटला आणि ते नाटकातून बाहेर पडले, बडोद्याला फैजमहंमद खाँसाहेबांकडे शिकले, पुढे काही वर्षं धारवाडला गाणं शिकवत होते. नाटकाने सोडलेला मुलगा संगीतकार होऊन नाटकात परतला आणि सोबत ख्यालाच्या बंदिशी घेऊन आला. 'स्वयंवर'च्या पदांत रागाचं रूप पहिल्या आवर्तनातच उभं राहतं. ज्या गावांत ख्यालाची मैफल कधी झाली नाही, तिथल्या लोकांना रागाची ओळख रुक्मिणीच्या तोंडून झाली. कर्नाटकातल्या नाटकगृहांतही हेच झालं. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, मराठी रंगभूमीवर गात होते. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श मंडळी तर १९०८ मध्ये हुबळीतच स्थापन झाली. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, तेव्हा टेंब्यांच्या त्याच चाली दोन वेगळ्या मंडळ्यांच्या गळ्यांतून समोरासमोर आल्या. तीन महिन्यांनी केशवराव गेले.

या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त थांबावंसं वाटतं ते 'एकच प्याला'शी.

नाटक राम गणेश गडकऱ्यांचं. गडकरी स्वतः कवी, 'गोविंदाग्रज' या नावाने त्यांच्या कविता महाराष्ट्राला पाठ. तरी या नाटकाची पदं त्यांनी लिहिलेली नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत, कथालेखक म्हणून नाव असलेल्या त्यांच्या मित्राची. आणि त्या पदांच्या बऱ्याच चाली सुंदराबाई जाधव यांनी दिलेल्या. सुंदराबाई मैफलीत गाणाऱ्या. ठुमरी, गझल, लावणी, भजन यांवर हुकमत, ग्रामोफोनच्या तबकड्यांनी नाव दूरवर गेलेलं. पुढे १९३९ मध्ये प्रभातच्या 'माणूस' चित्रपटात त्यांनी आईची भूमिका केली. गंधर्व मंडळीच्या रंगभूमीवर त्या काळी बाईला उभं राहता येत नव्हतं. नाटकाची नायिका सिंधू, तिची भूमिका बालगंधर्वांची.

२३ जानेवारी १९१९ ला गडकरी सावनेरला गेले, चौतिशीही पुरी झाली नव्हती. २० फेब्रुवारीला बडोद्यात 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग झाला. नाटककाराने आपलं नाटक पाहिलं नाही.

त्या रात्री सिंधू गायला लागली तेव्हा कोण कोण एकत्र आलं होतं ते मोजून पाहावं. प्रसंग एका दिवंगत माणसाचा. शब्द त्याच्या मित्राचे. सूर अशा बाईचे जिला त्या रंगमंचावर जागा नव्हती. आणि गळा एका पुरुषाचा, जो दारुड्या नवऱ्याची गरीब बायको झाला होता, पदर सावरत, दळण दळत, मुलाला उराशी धरून. यांतल्या कुठल्याही दोघांना जोडी म्हणता येणार नाही. तरी ती पदं एका हातची वाटतात. माझ्या समजुतीप्रमाणे याचं मोठं कारण गुर्जरांचा संयम. गडकऱ्यांचं गद्य उपमांनी लगडलेलं, एकेका वाक्यात तीन-तीन कल्पना. पदंही तशीच असती तर प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा उरली नसती. गुर्जरांनी शब्द हलके ठेवले. त्या हलक्या शब्दांखाली सुंदराबाईंची ठुमरीची, गझलेची चाल वाहते, जी एरवी प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीची चाल असते. मैफलीतली आर्जवं संसारी बाईच्या तोंडी आली आणि सिंधूचं सोसणं एकाएकी मोठं झालं. पोथीतल्या पतिव्रतेला एक माणसाचं मन मिळालं. हे सुंदराबाईंनी दिलं. नाटकाच्या इतिहासात त्यांचं नाव एका ओळीत येतं, आणि ते मला दरवेळी खुपतं.

बोलपट आला आणि मंडळ्या मोडू लागल्या. टेंबे १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचंच. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केलं. गाणी मोजकी, संगीत केशवराव भोळ्यांचं, आणि स्त्रीच्या भूमिकेत अखेर स्त्री. मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'ला १९४२ मध्ये मास्टर कृष्णरावांचं संगीत होतं. गाणं दोन-तीन मिनिटांचं झालं आणि दिवाणखान्यात मावू लागलं.

साठच्या दशकात संगीत नाटक पुन्हा उभं राहिलं. १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा' आलं, लेखन वसंत कानेटकरांचं, पदंही त्यांचीच, संगीत गोव्याच्या मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी यांचं. अभिषेकींच्या कानात देवळातलं कीर्तन होतं आणि ख्यालही होता. 'ययाति आणि देवयानी'त त्यांच्यासमोर कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर होते, 'हे बंध रेशमाचे'मध्ये शांता शेळके. इथे पद पुस्तकात नुसतं वाचलं तरी कविता म्हणून उभं राहतं. वाक्य मोडलेलं नाही, प्रत्यय गिळलेले नाहीत. आणि चाल त्या वाक्याला धरून चालते. 'मत्स्यगंधा'ची पदं ऐकताना पहिल्यांदा मला असं वाटलं की मराठी बोलण्याचा चढउतारच रागात शिरला आहे. खाडिलकरांची पदं आणि ही पदं एकापाठोपाठ एक ऐकावीत. अर्ध्या शतकात तराजूचं पारडं कुठून कुठे गेलं ते पाच मिनिटांत कळतं.

१९६७ च्या डिसेंबरमध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' आलं, संगीत अभिषेकींचंच. त्यात पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची दोन घराणी, आणि खाँसाहेबांची गायकी मिळवण्यासाठी त्यांच्याच घरी नोकर होऊन राहणारा सदाशिव. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब दखनीच्या जवळची उर्दूमिश्रित मराठी बोलतात. बीदर-कलबुर्गीच्या माणसाला त्या बोलीचं हसू येत नाही. तो रोज ती ऐकतो. ऐंशी वर्षं पुस्तकांच्या पानांवर एक प्रश्न बारीक टाइपात पडून होता, चाल कुणाची? 'कट्यार'ने तो उचलून नाटकाचा विषय केला. गाणं घराण्याच्या मालकीचं, की ऐकून ज्याच्या गळ्यात उतरेल त्याचं, यावर दोन माणसं जिवावर उठतात.

या नव्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ती कंसातली ओळ नाही. चाल नवी बांधलेली असते, म्हणून कुठल्या गाण्यासारखं म्हणा हे सांगावं लागत नाही. आतल्या पानावर एकदाच संगीतकाराचं नाव छापलेलं असतं.

निर्ण्याच्या बाजूला भजनाच्या वह्या अजून हाताने लिहिल्या जातात. कन्नड लिपी, रेघांची जाड वही, पानांच्या कडा तेलकट झालेल्या. पेटीवाला ती मांडीवर ठेवतो. बसवण्णांवरचं एखादं कन्नड पद, आणि त्याच्यावर, कंसात, बारीक अक्षरात एका मराठी नाट्यपदाचे पहिले दोन शब्द. पेटीवाला ते वाचतो, सूर धरतो, आणि मंडळी कन्नडमध्ये गायला लागतात.